बोटीची शॉकअपवाली सीट परत परत बसतेय? नवीन शॉकअप मागवायच्या आधी एवढं बघा

साताऱ्यात माझं गॅरेज आहे, मूळ काम ट्रॅक्टर आणि टू-व्हीलरचं. बोटींच्या नादाला लागलो ते असं, की कासच्या पुढं बामणोलीकडं एका तात्यांची स्पीडबोट आहे, तिच्या ड्रायव्हरच्या सीटखाली ॲडजस्ट होणारा शॉकअपवाला स्टँड आहे, आणि तो स्टँड बसला की तात्या मला फोन करायचे कारण आजूबाजूला दुसरं कोणी त्याला हात लावायला तयार नव्हतं. पहिल्या सीझनला तीन वेळा गेलो. मग त्यांनी तापोळ्याकडच्या एकाला माझा नंबर दिला, मग सांगलीचे एकजण बोटीचा अख्खा स्टँडच पिकअपमध्ये टाकून घेऊन आले. आता इतक्यांदा हेच काम केलंय की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं तरी अंदाज येतो. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा मी घाट चढून, डिझेल जाळून गेलो आणि एक रिंग फिरवून परत आलो. ते काम मालकाला घरच्या पान्यानं जमलं असतं, म्हणून हे लिहितोय.

आपल्या शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यात, फिरणाऱ्या साध्या लाँचला असल्या सीटा नसतात, तिथं बाकडी असतात, त्यांच्यासाठी हे नाही. ज्यांच्याकडं फायबरची स्पीडबोट आहे आणि ड्रायव्हरच्या सीटखाली स्प्रिंगचा नाहीतर हवेचा शॉकअप आहे त्यांच्यासाठी.

आधी तुमची सीट नक्की काय करतेय ते ओळखा

सगळे एकच बोलतात, "शॉकअप गेला." पण शॉकअप गेला म्हणजे दहा वेगवेगळ्या गोष्टी असतात. खालच्यातलं तुमचं कुठलं ते बघा.

लाटेवर आपटली की सीट तळाला टेकते आणि धप्प असा आवाज येतो, कंबरेत दणका बसतो.

बोट उभी आहे, पाणी शांत आहे, तरी बसल्यावर सीट हळूहळू खाली जाते, ऑफिसातली जुनी खुर्ची जाते तशी.

सुरुवातीला बरी चालते, पण वाऱ्यात अर्धा तास चालवली की खाली खाली जाते आणि वरच येत नाही, थांबून उतरलं की मग येते वर.

सीट हालतच नाही, अडकते, आणि मग एकदम खाड्कन सुटते.

दणका झेलते पण नंतर माणसाला वर फेकते, गाढवानं लाथ मारल्यासारखी.

डावी-उजवीकडं डुलते, वळणावर खडखडते.

शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसतो, त्यावर माती चिकटलेली असते.

यातलं दुसरं आणि तिसरं लोक कायम एकत्र करतात, पण दोन्हीचं कारण वेगळं आणि दोन्हीचा खर्चही वेगळा. कित्येक स्टँडमध्ये दोन वेगळे पार्ट असतात, एक उंची कमी-जास्त करायचा गॅसचा सिलिंडर आणि दुसरा दणका झेलणारा शॉकअप. उभ्या बोटीत सीट खाली जात असेल तर बघायचा तो पहिला. हवेचा शॉकअप असेल तर हवा गळूनही तसंच होतं, ते पुढं तपासणी तीनमध्ये आहे. फक्त लाटेवर खाली जात असेल तर दुसऱ्याकडं बघायचं. दांड्यावर आणि बाहेरच्या पाइपवर मार्करनं एकेक खूण करा, बोट किनाऱ्याला उभी ठेवून दहा मिनिटं सीटवर बसून चहा प्या आणि मग कुठली खूण सरकली ते बघा. फुकटात निदान होतं.

एवढं मनावर का घ्यायचं

हिशोब सोपा आहे. बोटीचं नाक लाटेवरून सुटलं आणि तुम्ही एक फूट खाली आलात असं धरा. तुमचं अंग जर एका इंचात थांबलं, म्हणजे नुसत्या फोमच्या गादीवर, तर सरासरी धक्का तुमच्या वजनाच्या बारा पट. तेच चार इंचात थांबलं तर तीन पट. शॉकअपचं सगळं काम एवढंच आहे, थांबायला जागा देणं. आता सीट आधीच तीन इंच बसलेली असेल तर तुमच्याकडं उरला एकच इंच, म्हणजे महागडा शॉकअप असून तुम्ही परत बारा पटीवर आलात. म्हणून "थोडी बसलीय, चालतंय की" असं म्हणू नका. तात्या दोन सीझन असंच म्हणत होते आणि आता गाडीत बसतानासुद्धा पाठीला उशी घेतात.

तपासणी एक: सीटखाली काय कोंबलंय

हसू नका. कैचीसारख्या घडीच्या स्टँडमध्ये हे सगळ्यात जास्त सापडतं. सीट वर असताना खाली मोकळी जागा दिसते आणि बोटीत जागा कमी, मग त्यात दोरी, पाण्याची बाटली, लाइफ जॅकेट सगळं जातं. एकदा तात्यांचा सकाळी सातला फोन, "अरं बाळा, शॉकअप जाम झालाय, पार्टी आलीय वासोटा किल्ल्याला जायची, लगेच ये." मी म्हटलं तात्या आधी वाकून सीटखाली बघा. म्हणाले, "बघितलंय सगळं, तू ये." गेलो. लाइफ जॅकेटचा पट्टा कैचीच्या पिनेभोवती दोन वेढे गुंडाळला गेला होता आणि त्याचं काळं प्लॅस्टिकचं बक्कल बरोब्बर दोन पट्ट्यांच्या मध्ये चेपून चपातीसारखं झालं होतं. सुरीनं पट्टा कापला, काम संपलं. तात्यांनी मला पिठलं-भाकरी खायला घातली पण पट्टा कापला म्हणून जॅकेटचे पैसे वळते करतो असंही म्हणत होते.

याच वेळी लॉकचा खटका बघा. काही सीटांना शॉकअप बंद करायचा खटका असतो, बोट ट्रेलरवर नेताना लावायचा. तो लागलेला राहिला की सीट दगड होते. आणि अर्धवट लागलेला असेल तर तेच ते अडकणं आणि खाड्कन सुटणं.

तपासणी दोन: वजनाची सेटिंग

मला विचाराल तर निम्मं दुखणं इथंच आहे. आपल्याकडं एका बोटीवर एकच ड्रायव्हर नसतो. सकाळी साठ किलोचा पोरगा चालवतो, दुपारी मालक स्वतः बसतात ते पंच्याण्णवचे. सेटिंग मात्र बोट आली त्या दिवशीची. ट्रॅक्टरच्या चांगल्या सीटला पुढं एक नॉब असतो आणि त्यावर किलोचे आकडे असतात, ऊस ओढणारे ड्रायव्हर तो नॉब फिरवल्याशिवाय बसत नाहीत, पण बोटीवाल्यांपैकी अर्ध्यांना असं काही असतं हेच माहीत नसतं.

मोजायचं कसं, तर शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक रबराची बारीक रिंग चढवा, नाहीतर वायर बांधायचा प्लॅस्टिकचा टाय सैलसर लावा. सीट रिकामी असताना तो सीलला, म्हणजे दांडा आत जातो तिथल्या रबराला, टेकवून ठेवा. मग ज्याला चालवायचंय त्यानं नेहमीसारखं बसायचं, पाय नेहमीच्याच जागी, खिशात जे असतं ते घेऊन, एकदा हळूच हलून स्थिर व्हायचं आणि न उसळता उतरायचं. रिंग किती सरकली ते टेपनं मोजा. शॉकअपची पूर्ण चाल, म्हणजे दांडा एकूण आत जातो ते अंतर, जेवढी आहे त्याच्या पाव ते एक तृतीयांश इतकीच सीट माणसाच्या वजनानं बसली पाहिजे. म्हणजे १२० मिमी चाल असेल तर ३० ते ४० मिमी. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेकांची चाल १०० ते १५० मिमीच्या मध्ये असते. कैचीच्या स्टँडला दांडा दिसत नसेल तर सीटच्या कडेपासून फ्लोअरपर्यंतची उंची रिकामी आणि बसून अशी दोनदा मोजा, दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या, स्वतः वाकून मोजलं की वजन सरकतं आणि माप चुकतं. ही उंची सीटच्या चालीची, दांड्याच्या चालीची नव्हे, म्हणून तिची तुलना सीट वरून खालपर्यंत एकूण जेवढी हलते तिच्याशीच करायची.

जास्त बसत असेल तर स्प्रिंगच्या वरची रिंग फिरवून स्प्रिंग दाबायची. बुलेट-पल्सरच्या मागच्या शॉकअपला आपण सी-पान्यानं करतो तेच, फक्त इथं पायऱ्यांऐवजी आटे असतात. उदाहरण घ्या, स्प्रिंग दर मिलिमीटरला दोन किलोनं दबणारी आहे आणि सरळ सीटखाली उभी आहे. सीटवर ७० किलो आले तर ३५ मिमी बसणार, ९५ किलो आले तर साडेसत्तेचाळीस. रिंग १२ मिमी खाली घेतली की जाडा माणूसही परत पस्तिसावर. पण इथं एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, रिंग आवळल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त सुरुवातीची जागा वर नेते. दबायचा दर तोच राहतो. म्हणून रिंग शेवटच्या आट्याला टेकली तरी सीट जास्त बसत असेल तर पुढं जोर लावू नका, तुम्हाला वरच्या नंबरची स्प्रिंग लागणार आहे आणि ती कंपनीला वजन सांगून मागवायची. उलट बाजूनंही तेच, पोरगा इतका हलका असेल की सगळी रिंग सैल सोडली तरी सीट दहा मिमी सुद्धा बसत नाही, तर ती स्प्रिंग त्याच्यासाठी नाही, त्याला लाटेवर सगळे दणके तसेच बसणार.

रिंग फिरवायच्या आधी आटे ब्रशनं साफ करा. आट्यात वाळूचा कण असताना फिरवली की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात, मग त्याला काही इलाज नाही. दोन ड्रायव्हर असतील तर दोघांच्या जागेवर नेलपॉलिशच्या दोन रंगांचे ठिपके द्या. माझ्या बायकोची बाटली त्यात संपली, तो विषय वेगळा.

तपासणी तीन: हवेचा शॉकअप असेल तर हवा, पण गेज लावायच्या आधी वाचा

हवेवाल्या शॉकअपला आपल्या टू-व्हीलरच्या ट्यूबसारखाच वॉल असतो, म्हणून लोकांना वाटतं पंक्चरवाल्याकडं न्यावं. तिथंच घोळ होतो. टायरमध्ये हवा भरपूर असते, गेज लावताना थोडी फुस्स झाली तर फरक पडत नाही. या शॉकअपमध्ये हवेची जागा एवढीशी, साध्या गेजनं नुसतं चेक केलं तरी त्या फुस्समध्ये प्रेशर बरंच उतरतं. म्हणजे तुम्ही रोज सकाळी काळजीनं चेक करताय आणि रोज सकाळी तुम्हीच हवा सोडताय. एकजण माझ्याकडं "रोज गळतो" अशी तक्रार घेऊन आले होते, मी त्यांना म्हटलं चार दिवस अजिबात चेक करू नका. पाचव्या दिवशी मी माझ्या पंपानं बघितलं, प्रेशर जागेवर.

यासाठी शॉकअपचा वेगळा हातपंप मिळतो, गिअरच्या महागड्या सायकली विकणाऱ्या दुकानात विचारा. बारीक नळी, त्यावरच गेज, ३०० पीएसआयपर्यंतचा. तो लावला की शॉकअपमधली थोडी हवा नळीत येते म्हणून आकडा आधी कमी दिसतो, घाबरू नका, भरून पाहिजे तेवढा करा. काढताना जी फुस्स होते ती नळीतल्या हवेची असते, शॉकअपमधली नाही. म्हणजे भरून ठेवायचं आणि काढायचं, "बघू बरं राहिली का" म्हणून परत लावायचं नाही. पंक्चरवाल्याचा मोठा कॉम्प्रेसर तर लावूच नका, एका दमात आकडा कुठल्या कुठं जातो आणि त्याच्या टाकीतलं पाणीही आत जातं.

किती भरायचं ते स्टँडवरच्या नाहीतर पुस्तकातल्या वजनाच्या तक्त्यात असतं. नसेल तर वरच्याच पद्धतीनं, सीट पाव ते एक तृतीयांश बसेपर्यंत, पाच-पाच पीएसआय वाढवत.

आणि थंडी. कास-बामणोलीकडं हिवाळ्यात पहाटे कुडकुडायला होतं आणि दुपारी ऊन चटके देतं. दुपारी ३५ डिग्रीला १०० पीएसआय भरलं तर पहाटे १५ डिग्रीला तेच ९२-९३ दिसणार, कुठंही गळती नसताना. म्हणून रोज एकाच वेळेला भरायचं, शक्यतो सकाळी, सावलीत. त्यापेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी. वॉलवर आणि सीलच्या कडेनं ब्रशनं लावा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा, बारीक गळतीचा बुडबुडा लगेच येत नाही. वॉलमधून आला तर आतली पिन बदला, काही रुपयांचं काम, मात्र आधी सगळी हवा सोडून. पिनही जास्त प्रेशर झेलणारी मागा. सीलमधून आला तर हे काम शेवटच्या "इथं थांबायचं" या यादीत गेलं, तुमच्या हातातलं नाही.

तपासणी चार: माती, आणि ग्रीसचं खूळ

पाऊस संपला की कोयनेत पाणी काठोकाठ असतं, १०५ टीएमसीचं धरण आहे ते, पण मार्च-एप्रिलपासून पाणी मागं सरतं आणि बोटी गाळातनं ओढाव्या लागतात. चिखलाचे पाय घेऊन माणूस सीटवर चढतो, तो चिखल सरकणाऱ्या पाइपवर वाळतो, वरनं तांबडी धूळ. अडकणाऱ्या सीटचं कारण नव्वद टक्के असलंच काहीतरी असतं. आणि आपली सवय काय, अडकलं की ग्रीस. तांबडी माती आणि ग्रीस मिळून झकास पॉलिश पेपर तयार होतो, जो रोज दोनशे वेळा खालीवर होऊन बुश, म्हणजे पाइप ज्यात सरकतो ते कडं, खातो.

ओल्या कापडानं पुसा, साबणाचं कोमट पाणी घ्या, सांध्यातली माती जुन्या टूथब्रशनं काढा, सुकवा, मग सिलिकॉनचा कोरडा स्प्रे कापडावर मारून पाइपला पुसा. बास. प्रेशर वॉशरची धार सीलवर मारायची नाही, घाण बाहेर यायच्या ऐवजी सीलच्या आत जाते. सांगलीचे जे स्टँड घेऊन आले होते त्यांची बोट २०१९ च्या महापुरात शेडमध्येच बुडाली होती, आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलेलं तेव्हा, धोक्याची पातळी ४५ आहे यावरनं समजा. पाणी उतरल्यावर त्यांनी स्टँड बाहेरून पंपाच्या धारेनं लख्ख धुतला आणि ठेवून दिला. मी खोलला तर बाहेरचा पाइप आणि आतला पाइप यांच्यामध्ये कृष्णेचा काळा गाळ वाळून अक्षरशः विटेसारखा झाला होता, स्क्रूड्रायव्हरनं खपल्या काढाव्या लागल्या. धार मारली नसती तर एवढा आत गेला नसता असं माझं मत.

तपासणी पाच: बोल्ट आणि त्याखालचं फ्लोअर

डुलते, खडखडते म्हणून शॉकअप बदलणारे लोक मी बघितलेत. आधी खालच्या प्लेटचे बोल्ट बघा. एका हातानं सीट हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं प्लेट आणि फ्लोअरच्या सांध्यावर ठेवा, हालचाल डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळते. प्लेट फ्लोअरवर हलत असेल तर बोल्ट, प्लेट घट्ट पण पाइप हलत असेल तर बुश, पाइपही घट्ट पण वरची सीट हलत असेल तर फिरायच्या चकतीचे स्क्रू.

बोल्ट आवळून परत आठ दिवसांत सैल होत असेल तर परत परत आवळत बसू नका, कारण शोधा. एक म्हणजे नायलॉनवाला नट दुसऱ्यांदा वापरलेला असतो, त्याची पकड पहिल्यांदाच असते, नवीन घाला. दुसरं, कोणीतरी स्टीलच्या जागी साधा लोखंडी बोल्ट घातलेला असतो, ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये ओल लागली की गंजून भोक मोठं करतो. आणि तिसरं सगळ्यात वाईट, फ्लोअरच मऊ झालेलं असतं. फायबरच्या फ्लोअरच्या आत बऱ्याच बोटींत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातनं पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं, वरनं काही दिसत नाही. हातोड्याच्या लाकडी दांड्यानं फ्लोअरवर ठोकत जा, चांगल्या ठिकाणी टणटण वाजतं, कुजलेल्या ठिकाणी पोत्यावर मारल्यासारखा भद्द आवाज येतो. एखादा बोल्ट काढून बघा, भोकातनं चहाच्या रंगाचं पाणी आलं तर थांबा. मोठा वायसर घालून आवळायचा मोह होतो, मी पण एकदा केलंय, पंधरा दिवसांत वायसरसकट प्लेट आत रुतली. हे फायबरच्या कारागिराचं काम, फ्लोअर कापून आतलं लाकूड बदलायचं आणि खालून जाड प्लेट टाकायची. तोपर्यंत त्या सीटवर बसून जोरात बोट चालवू नका, दणक्यात सीट उपटून निघाली तर माणूस सरळ पाण्यात.

तपासणी सहा: परत वर यायचा वेग

हे जमलं की सगळ्यात जास्त समाधान मिळतं, आणि हेच कोणी करत नाही. शॉकअपच्या खालच्या नाहीतर वरच्या टोकाला एक बारीक नॉब असतो, कटकट वाजत फिरणारा. दबलेली सीट किती वेगानं परत वर येणार ते तो ठरवतो. फार सैल ठेवला तर ती गाढवाची लाथ. फार आवळला तर तिसरं लक्षण, सीट वर यायच्या आत दुसरी लाट, ती आणखी खाली, तिसरी आणखी खाली, शेवटी तळाला टेकते आणि तिथंच राहते.

आता आपल्याकडची गंमत बघा. असल्या सीटा मुळात समुद्रासाठी केलेल्या. समुद्राची लाट मोठी पण दोन लाटांत अंतर असतं. आपल्या धरणात वाऱ्याला पळायला जागा कमी, म्हणून लाट बुटकी, उभी आणि लागोपाठ. दुपारी वारा सुटला की खोऱ्यातनं बोट नेऊन बघा, टकटकटकटक असं चालतं, खडी टाकलेल्या रस्त्यावरनं एसटी जावी तसं. समुद्राच्या हिशोबानं लावलेला नॉब इथं हळू पडतो. तात्यांची "अर्ध्या तासानं बसते" ही तक्रार तिसऱ्या फेरीत मला कळली ती अशीच, किनाऱ्यावर दाबून बघितलं की सगळं ठीक, मग मी स्वतः मागं बसून वाऱ्यात गेलो तेव्हा डोळ्यांनी दिसलं की सीट वर येतच नाही. नॉबच्या तीन कटा, म्हणजे कट वाजणारे तीन टप्पे, सैल केल्या, तक्रार गेली.

करायचं असं: नॉब आवळायच्या दिशेनं हळूच शेवटपर्यंत न्या, जाताना कटा मोजा आणि वहीत लिहा. जोर लावून शेवटाला दाबायचा नाही, आतली सुई बसते. मग मोजून मूळ जागी आणा. तिथून एकावेळी दोनच कटा बदला, तोच ड्रायव्हर, तोच पट्टा, तोच वेग ठेवून चालवून बघा. तेल गरम झाल्यावर वागणं बदलतं म्हणून पाच मिनिटांत निकाल देऊ नका, वीसेक मिनिटं चालवा.

तपासणी सात: बुश, आणि माझी चूक

बुश झिजले की पाइप डुलतो. कंपनीचा बुश यायला वेळ लागतो, सीझन चालू असतो, म्हणून मी पहिल्यांदा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडनं नायलॉनचे बुश करून घेतले. झकास बसले, हातानं पाइप लोण्यासारखा खालीवर. तीन आठवड्यांनी फोन, सीट जाम. जाऊन बघतो तर बुशनं पाइप आवळून धरलेला. घरी आणून दोन दिवस उन्हात ठेवला, परत सैल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. गॅरेजात कोरडं असताना घेतलेलं माप पाण्यात टिकत नाही. तेव्हापासून डेलरिन नावाच्या प्लॅस्टिकच्या दांड्यातनं करून घेतो, ते पाणी जवळजवळ पीत नाही. लेथवाल्याला नुसतं "पांढरं प्लॅस्टिक" म्हणू नका, दोन्ही पांढरीच दिसतात. पण हे काम स्वतः कधी बेअरिंग-बुश काढलेल्या माणसानंच करावं, पाइपवर हातोडा मारून एक चपटा झाला की नवीन स्टँडचाच खर्च.

इथं थांबायचं

आता जे सांगतो तिथं मी स्वतःही हात लावत नाही.

उंची कमी-जास्त करायचा गॅसचा सिलिंडर उघडायचा नाही, भोक पाडायचं नाही, तापवायचा नाही, वेल्डिंग तर अजिबात नाही. आत दाबानं गॅस भरलेला असतो, दांडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटू शकतो. तो दुरुस्त होतच नाही, बदलायचा असतो. गाडीच्या डिकीचा शॉकअप मापात बसतोय म्हणून घालू नका, त्याची ताकद वेगळी.

शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ असेल, किंवा दाबताना आत फसफस आवाज येऊन मध्येच पोकळ लागत असेल, तर सील गेलंय. आत तेलाबरोबर नायट्रोजन असतो, तो परत भरायला मशीन लागतं. टू-व्हीलरच्या पुढच्या फोर्कचं सील बदलणारा पोरगा "करतो की" म्हणेल, देऊ नका. शॉकअप काढून कंपनीच्या सर्व्हिसला नाहीतर पुण्या-मुंबईच्या सस्पेन्शनवाल्याकडं पाठवा.

ॲल्युमिनियमच्या पाइपला किंवा कैचीच्या पट्टीला केसाएवढी जरी चीर दिसली तरी वापर बंद. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्यानं जोडलेलं ॲल्युमिनियम जोडाशेजारी मऊ होतं, आणि तुटायचं तेव्हा वेगातच तुटतं.

आणि एक, आमच्याकडं फॅब्रिकेशनवाले मोटरसायकलचा मागचा शॉकअप लावून सीटचा स्टँड करून देतात, स्वस्तात. मी दोन बघितले. मोटरसायकलची स्प्रिंग गाडी, दोन माणसं आणि सामान धरून केलेली, त्यावर सीट सरळ उभी ठेवली की सत्तर किलोचा माणूस तिला धड दाबतच नाही, आणि कधी दाबलीच तर ती उसळून परत मारते. ॲडजस्ट करून तो सुधारत नाही, माझ्याकडं आणू नका, काढून साधी जाड फोमची सीट लावा आणि वेग कमी ठेवा.

दणके खाऊन कंबरेतली कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील तर सीट नंतर, आधी हाडांच्या डॉक्टरांकडं जा.

मेकॅनिकला किंवा कंपनीला फोन करताना हातात एवढं ठेवा: ड्रायव्हरचं वजन, शॉकअपची पूर्ण चाल, बसल्यावर किती मिमी बसते, हवा असेल तर पीएसआय आणि कधी भरलेली, नॉबच्या कटा किती, आणि वाऱ्यात चालताना सीटचा बाजूनं काढलेला मोबाइलचा व्हिडिओ. स्टँडच्या खालच्या बाजूला मॉडेल आणि सीरियल नंबरचा स्टिकर असतो, पार्ट मागवताना सगळे तोच विचारतात. तात्यांच्या स्टँडवरचा स्टिकर मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाचता येत होता, दुसऱ्या सीझनला निम्मा, आता नुसता चांदीचा कागद राहिलाय. तुमचा अजून दिसत असेल तर आजच फोटो काढून ठेवा.